बाहुली, अश्रू, लाळ आणि नाडी



वैद्यकातला मनुष्य सार्वजनिक व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे त्याने रोगांविषयी आणि पथ्यपाण्याविषयी चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते, आणि ती पुरवणारे माझ्याहून अधिक लायक वक्ते या व्यासपीठाला लाभले आहेत. मी आज जो विषय निवडला आहे त्याच्याकडे विद्यार्थी परीक्षेपुरते पाहतात आणि इतर लोक मुळीच पाहत नाहीत. मस्तिष्कातून ज्या 12 तंत्रिकांच्या जोड्या बाहेर पडतात त्यांपैकी तिसरी, सातवी, नववी आणि दहावी या चारच जोड्यांतून परानुकंपी तंतू जातात. डोळ्याची बाहुली, अश्रू, लाळ, हृदयाची गती आणि जठराचा रस या सर्वांवर, आपल्याला न विचारता आणि आपल्याला न कळवता, या चौघींचा अंमल चालतो.

12 ही गणतीसुद्धा एका दिवसात ठरलेली नाही. प्राचीन वैद्य गेलनने सात जोड्या मोजल्या आणि युरोपात त्याचा शब्द शतकानुशतके प्रमाण मानला गेला. 1664 साली ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसने मेंदूच्या रचनेवरील आपल्या ग्रंथात, ज्याच्या आकृत्या काढण्यास पुढे लंडनचे सेंट पॉल मंदिर उभारणाऱ्या क्रिस्तोफर रेनचा हात लागला होता, ती संख्या नवावर नेली. आणि 1778 साली झ्योमरिंग नावाच्या एका तेवीस वर्षांच्या जर्मन तरुणाने गटिंगेन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात 12 जोड्यांची जी मांडणी केली ती आजतागायत कायम आहे. मात्र यांपैकी कोणत्या तंत्रिकेतून कोणत्या जातीचे तंतू जातात, याचा उलगडा होण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली, आणि तो केंब्रिजमध्ये झाला. गॅस्केलने त्याचा पाया घातला. लँग्लीने निकोटिनचा द्राव प्राण्यांच्या गुच्छिकांवर, म्हणजे तंत्रिकापेशींच्या गाठींवर लावून, संदेश नेमका कोठे एका पेशीकडून दुसऱ्या पेशीच्या हवाली होतो हे एकेक स्थळ तपासून निश्चित केले, आणि 1905 साली आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या तंत्रिकासंस्थेच्या या शाखेला परानुकंपी हे नाव दिले.

या चार तंत्रिकांतील प्रत्येक परानुकंपी मार्गात दोन पेशी असतात. पहिलीचे ठाणे मस्तिष्कस्तंभात, दुसरीचे एखाद्या गुच्छिकेत. आणि ही गुच्छिका ज्या अवयवाची चाकरी करायची त्याच्या अगदी निकट, किंबहुना पुष्कळदा त्या अवयवाच्या भिंतीतच असते. याच्या उलट अनुकंपी संस्थेच्या गुच्छिका पाठीच्या कण्यालगत ओळीने असतात, एक तंतू अनेक पेशींना चेतवतो, आणि अधिवृक्क ग्रंथीचा स्राव रक्तात मिसळून तीच आज्ञा सर्व शरीरभर पोचवतो. अनुकंपीचे काम गावभर पिटलेल्या दवंडीसारखे आहे. परानुकंपीचे काम ज्याच्या नावाने काढला त्याच्याच हाती पडणाऱ्या खलित्यासारखे. हा भेद ध्यानात आला नाही म्हणजे अनुकंपी संकटासाठी आणि परानुकंपी विश्रांतीसाठी, ही शालेय पुस्तकांतली वाटणी खरी वाटू लागते. ती सर्वस्वी खोटी नाही. पण अर्धवट आहे, आणि अर्धवट सत्ये खोडून काढणे फार कठीण असते. माझ्या मते या चार तंत्रिकांचे खरे लक्षण आराम हे नसून नेमकेपणा हे आहे, आणि पहिल्याच तंत्रिकेत त्याचा पुरावा सापडतो.

तिसरी तंत्रिका, जिला अक्षिप्रेरक म्हणतात, मध्यमस्तिष्कातून निघते. तिच्या परानुकंपी तंतूंचे मूळ असलेले केंद्रक एडिंगरने 1885 साली आणि वेस्टफालने 1887 साली वर्णिले, आणि दोघांची नावे त्याला आजही जोडलेली आहेत. तेथून निघालेले तंतू तंत्रिकेच्या खालच्या शाखेतून नेत्रगुहेत उतरतात आणि नेत्रगोलामागे, दृष्टितंत्रिकेच्या बाहेरच्या अंगाला चरबीत दडलेल्या गुच्छिकेत पोचतात. ही गुच्छिका जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांची. विच्छेदनाच्या टेबलावर चिमट्याने चरबीचे कण एकेक करून बाजूला सारत असता तिचा पत्ता लागला तर विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो. बहुधा ती चरबीबरोबरच बशीत गेलेली असते. तिच्यातून निघणारे सूक्ष्म तंतू बाहुली आकुंचित करणाऱ्या स्नायूला आणि नेत्रभिंगाचा आकार बदलणाऱ्या स्नायूला जातात. या दोहोंत वाटणी कशी आहे? बाहुलीच्या वाट्याला शेकडा तीनचार तंतू, बाकीचे सर्व भिंगाच्या स्नायूला. आपण दूरच्या डोंगराकडे पाहतो तेव्हा हा स्नायू सैल असतो. सुईत दोरा ओवताना, हिशेबाची वही तपासताना किंवा रात्री कंदिलापाशी पोथी वाचताना तो ताणलेला असतो. म्हणजे डोळा विसावा घेतो तेव्हा ही तथाकथित विश्रांतीची तंत्रिका स्वस्थ असते, आणि डोळा बारीक काम करतो तेव्हा ती राबते. चाळिशीनंतर भिंगच ताठर होते आणि तिची आज्ञा पाळली जात नाही, त्याला तंत्रिकेचा नाइलाज आहे.

वैद्याला मात्र तीनचार टक्क्यांचा तो लहान हिस्साच अधिक मोलाचा. एका डोळ्यात प्रकाश टाकला असता दोन्ही बाहुल्या एकदम लहान होतात, कारण दृष्टितंत्रिकेने आणलेली वार्ता मध्यमस्तिष्कात दोन्ही बाजूंच्या केंद्रकांना पोचवली जाते. परानुकंपी तंतू या तंत्रिकेच्या गाभ्यात नसून पृष्ठभागाजवळून जातात, या एका गोष्टीवर किती निदाने उभी आहेत हे पाहण्यासारखे आहे. डोक्याला मार लागलेला मनुष्य रात्री रुग्णालयात आणला जातो. शुद्ध हरपलेली, बोलणे नाही, विचारावे तरी कोणाला? निवासी डॉक्टर थोड्या थोड्या वेळाने येऊन त्याच्या पापण्या अंगठ्याने उचलतो, विजेरीचा झोत टाकतो आणि कागदावर दोन आकडे लिहून जातो. कवटीच्या आत रक्त साचून मेंदू खाली रेटला जाऊ लागला म्हणजे तिसऱ्या तंत्रिकेवर बाहेरून दाब येतो, प्रथम पृष्ठभागावरचे तंतू निकामी होतात, आणि त्या बाजूची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी होते. शस्त्रवैद्याला झोपेतून उठवण्यास तेवढे कारण पुरे. मधुमेहाच्या रुग्णात हीच तंत्रिका निराळ्या रीतीने विकल होते. तेथे गाभ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात, त्यामुळे पापणी मिटते, डोळा बाहेरच्या बाजूला वळून बसतो, पण बाहुली बहुधा शाबूत राहते. नातेवाईकांना दोन्ही रुग्ण सारखेच भयंकर दिसतात. एकाला तातडीने शस्त्रक्रिया लागते, दुसरा साखर आटोक्यात ठेवली तर साधारणतः तीन महिन्यांत बरा होतो.

सातव्या आणि नवव्या तंत्रिकेची कथा मार्गांची आहे. अनुभव असा की, हे मार्ग पाठ करताना हुशार विद्यार्थीही मेटाकुटीला येतात. सातवी, म्हणजे आनन तंत्रिका, चेहऱ्याच्या स्नायूंना हालवते. परंतु तिच्यासोबत एक बारीक पदर निघतो, आणि अश्रू, नाकातील ओलावा व जिभेखालच्या ग्रंथींची लाळ यांची सूत्रे त्या पदरात असतात. कानाच्या हाडाच्या आत या तंतूंच्या दोन वाटा होतात. एक वाट पुढे जाऊन नाकामागच्या गुच्छिकेत थांबते आणि तेथून अश्रुग्रंथीला, नाकाला व टाळूला तंतू पुरवते. दुसरी वाट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. केसाएवढा एक तंतू मध्यकर्णाच्या पोकळीतून, कानाच्या पडद्याच्या आतल्या अंगाने, हातोडी आणि ऐरण या इवल्या हाडांच्या मधून आरपार जातो. त्या पोकळीशी, ऐकण्याशी, पडद्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्याला जायचे असते ते जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींकडे, आणि जाताना तो जिभेच्या पुढील भागाची रुचीही घेऊन येतो. कानाची शस्त्रक्रिया करताना या तंतूला धक्का लागला तर कान सुधारलेला रोगी काही दिवसांनी येऊन तक्रार करतो की, जिभेच्या अर्ध्या भागावर पितळेची चव येते, आणि शस्त्रवैद्य ती ऐकून मुळीच चकित होत नाही.

नववी तंत्रिका, जिव्हाग्रसनी, हिचा परानुकंपी कारभार एकाच ग्रंथीपुरता आहे: कानापुढची मोठी लाळग्रंथी, गालफुगीत जी सुजते ती. तिचे तंतूही मध्यकर्णाला वळसा घालून, कवटीच्या तळाशी असलेल्या गुच्छिकेत पडाव करून तेथे पोचतात. या दोन्ही तंत्रिकांच्या मार्गांत एक गोष्ट समान आहे. पाचव्या तंत्रिकेत मुळात एकही परानुकंपी तंतू नसतो. तरी अश्रूंकडे, जिभेखाली किंवा कानापुढे जाताना शेवटचा टप्पा तिच्याच शाखांतून ओलांडावा लागतो. निसर्गाने ही तजवीज कोणत्या सोयीसाठी केली हे गर्भाच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांनी सांगावे. रुग्णाच्या दृष्टीने तिचा परिणाम एवढाच की, वाटा इतक्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे तंतू तुटून पुन्हा वाढू लागले म्हणजे चुकीच्या घरात शिरतात.

अशी चूक झाली म्हणजे काय होते? आनन तंत्रिकेला कवटीच्या आत इजा झाल्यावर लाळेसाठी निघालेले तंतू कधी कधी अश्रुग्रंथीत जाऊन रुजतात, आणि मग तो मनुष्य पंगतीत बसला, पहिला घास तोंडात घातला की, त्याचा एक डोळा वाहू लागतो. शेजारच्याला वाटते, याला काही दुःख आठवले. दुसरा प्रकार याहून अधिक बोधप्रद आहे, आणि त्याचे शास्त्रोक्त स्पष्टीकरण 1923 साली पोलंडमधील लुत्सिया फ्रे या मज्जाविकारतज्ज्ञ स्त्रीने केले. कानापुढच्या ग्रंथीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर लाळेचे तंतू वाढत वाढत गालाच्या त्वचेतील घामाच्या ग्रंथींत शिरतात. चिंच नुसती समोर आली तरी त्या गालावर लाली चढते आणि घामाचे थेंब उभे राहतात. घामाच्या ग्रंथी तर अनुकंपी संस्थेच्या ताब्यातल्या, मग त्यांनी परक्या तंतूचा हुकूम का मानावा? कारण दोघांचेही रासायनिक द्रव्य एकच आहे. घामाच्या ग्रंथींपुरता अनुकंपी संस्थेने आपला नेहमीचा शिरस्ता सोडून परानुकंपीचेच द्रव्य वापरले आहे. फ्रे ज्यू होत्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ल्वूफ शहरातल्या ज्यूंना ज्या वस्तीत कोंडले तेथेच त्यांचा अंत झाला.

हे द्रव्य काय आहे याचा शोध दहाव्या तंत्रिकेवर लागला. हिला प्राणेशा म्हणतात, आणि व्हेगस हे तिचे नाव आता वृत्तपत्रांतूनही परिचित झाले आहे. लंबमज्जेतून निघून ती मानेतून, छातीतून, अन्ननलिकेच्या सोबतीने श्वासपटल ओलांडून उदरात उतरते, आणि हृदय, फुप्फुसे, जठर, यकृत, स्वादुपिंड, लहान आतडे व मोठ्या आतड्याचा बराचसा भाग एवढा तिचा मुलूख आहे. 1845 साली वेबर बंधूंनी बेडकाच्या या तंत्रिकेला विजेने उद्दीपित केले तेव्हा हृदय थांबले. तंत्रिका चेतवली म्हणजे अवयव हालला पाहिजे असा तोपर्यंतचा समज. चेतवल्याने अवयव शांत होतो ही कल्पनाच त्या काळच्या विद्वानांना पचण्यासारखी नव्हती, आणि काहींनी ती पचवलीही नाही.

ही शांतता कोणत्या मार्गाने घडते याचा निवाडा ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ओटो लोवीने केला. प्रयोगाची कल्पना त्याला झोपेत सुचली. त्याने उठून कागदावर खरडून ठेवली, आणि सकाळी त्याला स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तीच कल्पना आली तेव्हा त्याने कागदावर विसंबण्याचे सोडून तडक प्रयोगशाळा गाठली. बेडकाची दोन हृदये, एकाला व्हेगस जोडलेली, दुसऱ्याची काढलेली. पहिल्याची व्हेगस चेतवून ते मंद झाले की त्यातला क्षारद्राव घेऊन दुसऱ्यात सोडला, आणि ज्याला व्हेगसच नव्हती ते हृदयही मंद झाले. 1921 साली ही वार्ता छापली गेली. ते द्रव्य ॲसिटिलकोलीन होते, आणि 1936 साली लोवी व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दोनच वर्षांनी नाझी सत्तेने लोवीला कैद केले आणि पारितोषिकाची रक्कम आपल्या ताब्यातील बँकेत वर्ग करायला लावूनच देशाबाहेर जाऊ दिले.

निरोगी हृदयाचे ठोके देणारे केंद्र स्वतःच्या मर्जीवर सोडले तर मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. आपली नाडी सत्तरावर राहते ती व्हेगसच्या सततच्या आवरामुळे. दुसऱ्याचे हृदय बसवलेल्या रुग्णात ही तंत्रिका तुटलेली असते, म्हणून तो स्वस्थ पडला असतानाही त्याचे ठोके नव्वद-शंभरांच्या घरात राहतात. मनगटावर बोट ठेवून सावकाश दीर्घ श्वास घेतला तर श्वास आत येताना नाडी किंचित जलद आणि बाहेर जाताना संथ होते, विशेषतः तरुणांत. तोही हिचाच खेळ. यावरून हल्ली बर्फाचे पाणी तोंडावर मारा, गुणगुणा, म्हणजे व्हेगस जागी होईल आणि सारे मनोविकार दूर पळतील, असे उपदेश सुटले आहेत. संथ श्वासाने नाडी मंदावते हे खरे. एवढ्या भांडवलावर जी दुकाने उघडली आहेत त्यांच्याविषयी मी अधिक न बोललेले बरे. योगी हृदय थांबवतात अशी ख्याती ऐकून वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी भारतात जी तपासणी केली ती 1961 साली प्रसिद्ध झाली: छातीचा दाब वाढवून नाडी आणि हृदयाचे ध्वनी लोपवता येतात, पण विद्युत्-आलेखावर हृदय चालूच असते. मला यात योगाचा उपमर्द दिसत नाही. यंत्र लावून पाहण्यास जे योगी राजी झाले त्यांचा मान राखावा असे वाटते.

जठराचे प्रकरण वैद्यकाच्या इतिहासात शिकण्याजोगे आहे. पावलोव्हने कुत्र्यांची अन्ननलिका गळ्यातून बाहेर काढून, खाल्लेले अन्न पोटात पोचणार नाही अशी व्यवस्था करून दाखवले की, घास जठरात न पडताही रस पाझरतो, आणि व्हेगस कापली तर पाझरत नाही. यावरूनच शिकागोच्या ड्रॅगस्टेटने 1943 पासून जठरव्रणासाठी ही तंत्रिका कापण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि पुढची तीसचाळीस वर्षे ती जगभर होत राहिली. आम्ल घटे, पण जठर रिकामे होण्याचेही थांबे, म्हणून त्याच्या जोडीला दुसरी शस्त्रक्रिया आली, मग फक्त आम्लाच्या शाखा तेवढ्या वेचून कापण्याची कला आली. पुढे आम्ल घटवणाऱ्या गोळ्या निघाल्या, आणि ऑस्ट्रेलियातील वॉरन व मार्शल यांनी व्रणाच्या मुळाशी एक जंतू असल्याचे 1980 नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिल्यावर ती सारी कला इतिहासजमा झाली. तंत्रिका निर्दोष होती. शिवाय तिच्यातले बहुसंख्य तंतू आज्ञा नेणारे नसून उदराची खबर मेंदूला आणणारे आहेत, हे त्या वेळीही ठाऊक होते.

आता चारही तंत्रिकांचे काम एकाच वेळी, एकाच देहावर पाहायचे असेल तर दुर्दैवाने आपल्या विदर्भातच पाहता येते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. फवारणीच्या मिश्रणांत सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील द्रव्येही होती. ॲसिटिलकोलीनचे काम झाले की ते तत्काळ मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते, आणि हे विष त्या विकरालाच जखडून टाकते. मग खलिता पोचल्यावरही फाडला जात नाही, हुकूम चालूच राहतो. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, डोळे गळू लागतात, तोंडाला लाळेचा फेस येतो, नाडी मंदावते, छातीत स्रावाची घरघर ऐकू येते, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. तिसरी, सातवी, नववी, दहावी, सगळ्यांचे जबाब एकाच खाटेवर नोंदवता येतात. धोतऱ्याच्या बियांनी याच्या नेमके उलट होते: बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडे ठणठणीत, अंग तापलेले, नाडी धावती, आणि मनुष्य हवेतले दोरे वेचीत बडबडत असतो. एकोणिसाव्या शतकातील वाटमारे प्रवाशांच्या अन्नात हे बी मिसळीत, याच्या नोंदी त्या काळच्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत आहेत. त्याच धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींतून मिळणारे ॲट्रोपीन हे फवारणीच्या विषावरचे मुख्य औषध.

ते किती द्यायचे याला आकड्यांचा आधार थोडा आणि नजरेचा अधिक. थोड्या थोड्या वेळाने मात्रा दुप्पट करीत जायचे आणि छातीवर कान ठेवायचा. बाहुली मोठी झाली म्हणून थांबू नये, हे नवख्या डॉक्टराला बजावून सांगावे लागते. बाहुली फसवते, फुप्फुसातली घरघर थांबून छाती कोरडी पडली आणि नाडी ऐंशीच्या वर गेली म्हणजे थांबावे. परंतु ॲसिटिलकोलीन हेच द्रव्य हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरही काम करते, आणि तेथे ॲट्रोपीनचा काही इलाज चालत नाही. छाती कोरडी पडलेला रोगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान उचलेनासा होतो आणि श्वास उथळ होत जातो. त्या वेळी कृत्रिम श्वासाचे यंत्र जवळ असावे लागते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते पुष्कळदा नसते. श्वासपटलाची तंत्रिका मानेतल्या मज्जारज्जूतून निघते, ती या चौघींपैकी नव्हे. तेव्हा माझ्या विषयाची हद्द येथे संपते.